वल्हं आधी, होडी नंतर

तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर किंवा गोव्यात साळ नदीच्या मुखाशी कयाक भाड्याने घ्यायला गेलं की दोन-तीन प्रश्न ठरलेले असतात. एकट्याची हवी की दोघांची? अर्धा तास की तास? पोहता येतं का? मुलं होडीच्या रंगावरून भांडून घेतात, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले जातात आणि शेवटी ढिगातलं हाताला लागेल ते वल्हं पुढे केलं जातं. घेणाऱ्याची उंची किती, होडी किती रुंद, याची चौकशी कुणी करत नाही. घेणाऱ्यालाही ती सुचत नाही. अर्ध्या तासाने तीच माणसं दंड चोळत परत येतात आणि ‘आपल्या वयात हे जमायचं नाही’ म्हणत शहाळ्याच्या गाडीकडे वळतात. वयाचा यात फारसा संबंध नसतो. वल्हं चुकीच्या मापाचं तरी असतं, उलटं तरी धरलेलं असतं, आणि जोर तर हमखास नको त्या ठिकाणाहून लावलेला असतो.

मासेमारीच्या मोठ्या होडीचं वल्हं काठावरच्या खुंटीला अडकवलेलं असतं, त्यामुळे त्याचा बराचसा भार होडीच सोसते. कयाकचं वल्हं कशालाही अडकवलेलं नसतं. दोन्ही टोकांना पाती, मधे दांडा, आणि सगळा भार वल्हवणाऱ्याच्या हातांवर. निवांत चालीनेही ते मिनिटाला पन्नासेक वेळा पाण्यात पडतं, म्हणजे तासाला तीन हजार वेळा. वल्हं ३०० ग्रॅमने जड असेल तर तासाभरात ९०० किलो जास्तीचं वजन हातांनी उचललेलं असतं! होडीचं वजन पाणी पेलतं, वल्ह्याचं मात्र आपल्यालाच पेलावं लागतं. म्हणून खिशात पैसे बेताचे असतील तर होडी साधी घ्यावी आणि वल्हं चांगलं घ्यावं, हा जाणत्यांचा सल्ला अगदी रास्त आहे.

भाड्याच्या ठिकाणी मिळतं ते बहुधा ॲल्युमिनियमच्या दांड्याचं, प्लॅस्टिकच्या पात्यांचं वल्हं. त्याचं वजन ११०० ते १३०० ग्रॅमच्या घरात असतं. ते स्वस्त असतं, दगडावर आपटलं तरी फारसं बिघडत नाही, आणि कुणीही कसंही वापरावं अशा जागी तेच योग्य. त्याचे दोष दोन. मे महिन्याच्या उन्हात दांडा चटका देतो, आणि प्लॅस्टिकचं पातं जोर लावला की किंचित वाकतं, म्हणजे लावलेला थोडा जोर वाया जातो. फायबरग्लासचं वल्हं ८०० ते ९५० ग्रॅमचं, कार्बन फायबरचं ६०० ते ७५० ग्रॅमचं. कार्बनचं हातात घेतलं की पहिल्यांदा फसवल्यासारखंच वाटतं, इतकं ते हलकं असतं. पण त्याची किंमत चांगलीच चढी असते आणि खडकाळ नदीत ते जपावं लागतं. वर्षातून दोनदा सुटीला जाणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये. दर आठवड्याला पवना, मुळशी किंवा पानशेतच्या पाण्यावर उतरणाऱ्याने मात्र फायबरग्लासवर पैसे घालायला हरकत नाही. मनगटं पुढे पुष्कळ वर्षं वापरायची असतात.

वजन तपासताना नुसतं तराजूवर विसंबू नये. दोन्ही हातांत धरून वल्हं डावी-उजवीकडे झुलवून पाहावं. टोकाला, म्हणजे पात्यात असलेलं वजन मधल्या वजनापेक्षा जास्त जाणवतं, कारण दर खेपेला तेच वर उचलायचं आणि फिरवायचं असतं. एकूण वजन सारखं असलेल्या दोन वल्ह्यांपैकी ज्याची पाती हलकी तेच घ्यावं.

मग लांबी. बाजारात साधारण २१० ते २५० सेंटीमीटरची वल्ही मिळतात आणि माप ठरतं दोन गोष्टींवर : माणसाची उंची आणि होडीची रुंदी. यातली दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि वजन तिचंच जास्त. किनाऱ्यावर भाड्याने मिळणारी, वर बसायची प्लॅस्टिकची कयाक ७५ ते ८५ सेंटीमीटर रुंद असते. तिच्यात मध्यम उंचीच्या माणसाला २३० ते २४० सेंटीमीटरचं वल्हं लागतं. ज्या निमुळत्या होडीत पाय आत घालून बसतात तिची रुंदी ५५ ते ६० सेंटीमीटर. तिथे २१० ते २२० पुरतं. खळाळत्या नदीत झटपट वळायचं असतं, म्हणून तिथली वल्ही १९० ते २०० सेंटीमीटर इतकी आखूड असतात.

माप चुकलं की शरीर तक्रार करतं. वल्हं फार आखूड असेल तर दर खेपेला बाजूला झुकावं लागतं आणि बोटांची पेरं होडीच्या काठाला घासून सोलवटतात. फार लांब असेल तर पातं होडीपासून दूर पडतं, त्यामुळे होडी पुढे कमी आणि बाजूला जास्त जाते. दोन मापांमध्ये मन अडकलंच तर आखूड घ्यावं.

ज्यांनी कयाक घडवली त्या उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांना सेंटीमीटरची गरज नव्हती. ग्रीनलंडमध्ये झाडं जवळजवळ नाहीत. समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत आलेल्या ओंडक्यांतून होडीचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचं कातडं शिवून ताणायचं आणि त्याच लाकडातून वल्हं तासायचं, अशी त्यांची रीत. वल्ह्याची टोकं झिजू नयेत म्हणून त्यांवर हाड बसवलेलं असे. माप शिकाऱ्याच्या अंगाचं. दोन्ही हात पसरून होणारी एक वाव आणि वर कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा एक हात, ही लांबी. पात्याची रुंदी मुठीत मावेल एवढीच. आपल्याकडे विहिरीचा दोर ज्या मापांनी मोजत त्याच मापांनी हा हिशेब करून पाहता येतो : साडेपाच फूट उंचीच्या माणसाची वाव साधारण १६५ सेंटीमीटर, हात ४५, बेरीज २१०. निमुळत्या होडीसाठी आजचा कारखानदार सांगतो त्याच्या अगदी जवळ. हे अरुंद ग्रीनलंडी वल्हं आजही आवडीने वापरणारे लोक जगभर आहेत. ते खांद्यांना सोसतं, वाऱ्यात फडफडत नाही, आणि हलकं सरळ रेषांचं लाकूड मिळालं तर हौशी माणूस ते घरीही तासू शकतो.

आधुनिक पातं मात्र रुंद, थोडं पोकळ आणि तिरकं कापलेलं असतं. त्याची वरची कड लांब, खालची आखूड. ही कारागिरीची चूक नव्हे. पातं पाण्यात सरळ उभं पडत नाही, तिरकं शिरतं. दोन्ही कडा सारख्या असत्या तर खालच्या अर्ध्या भागावर जास्त पाणी आलं असतं आणि दांडा हातात फिरू लागला असता. खालची कड कापल्याने दोन्हीकडे पाण्याचा दाब सारखा राहतो. मधोमध उंचवट्याची रेघ असते तीही यासाठीच, पाणी दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जावं म्हणून. हे सगळं कुणीतरी डोकं लावून केलेलं असतं आणि नवखा माणूस वल्हं उलटं धरून ते सगळं निकामी करतो. त्यावर उपाय सोपा आहे. पोकळ बाजू आपल्याकडे, लांब कड वर. पात्यावर कंपनीचं नाव छापलेलं असेल तर बसल्या जागेवरून ते सुलट वाचता आलं पाहिजे.

दोन तुकड्यांचं वल्हं मधे बटणाने जोडतात. जोडाशी दोन-तीन भोकं असतात आणि बटण कोणत्या भोकात बसवलं त्यावर दोन पात्यांमधला पीळ ठरतो. शून्य अंशाला दोन्ही पाती एका पातळीत, साठ अंशाला एक पातं दुसऱ्याच्या मानाने बरंच वळलेलं. एक पातं पाण्यात असताना दुसरं हवेत असतं, आणि समोरून वारा असेल तर ते रुंद पातं त्याला अडतं. पीळ दिला की ते वाऱ्यात कडेने शिरतं. फायदा खरा आहे, पण तो फुकट मिळत नाही : दर दुसऱ्या खेपेला एक मनगट मागे मोडावं लागतं. नवख्याने शून्य अंशावर सुरुवात करावी हे उत्तम. भाड्याने घेतलेलं वल्हं एका बाजूला नीट आणि दुसऱ्या बाजूला वेडंवाकडं पडत असेल तर स्वतःला दोष देण्याआधी बटण कोणत्या भोकात आहे ते पाहावं.

पात्याचा आकार बदलून शर्यतीचा खेळ कसा बदलला, त्याची गोष्ट गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकातली. स्वीडनमध्ये विमानाच्या पंखासारखा छेद असलेलं खोलगट पातं तयार झालं. साधं पातं सरळ मागे ओढायचं असतं. हे पातं होडीपासून बाहेरच्या बाजूला सरकत जातं आणि पंख हवेत उचल धरतो तसं पाण्यात पुढची ओढ निर्माण करतं. अमेरिकेचा ग्रेग बार्टन हे पंखवल्हं लवकर स्वीकारणाऱ्यांपैकी एक. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये एक हजार मीटरच्या एकेरी शर्यतीत त्याने ऑस्ट्रेलियाच्या ग्रँट डेव्हिसला सेकंदाच्या पाच हजारांशाने हरवलं. शर्यत संपल्यावर जिंकलं कोण हे छायाचित्र पाहून ठरवावं लागलं. त्यानंतर सुमारे दीड तासाने बार्टन नॉर्मन बेलिंगहॅमबरोबर दुहेरी शर्यतीतही सुवर्णपदक घेऊन गेला. आज सरळ मार्गावरच्या कयाक शर्यतीत पंखवल्हंच दिसतं. खाडीत फिरायला निघालेल्याला ते नको. ते एकाच कामात वाकबगार असतं, वळायला आणि तोल सावरायला अडचणीचं.

आता प्रत्यक्ष वल्हवणं. पहिली गोष्ट, बसणं. भाड्याच्या कयाकमध्ये पाठीला टेकू असतो आणि बहुतेक लोक त्याला रेलून बसतात. रेललं की पाठ गोल होते आणि काम फक्त दंडांवर येतं. पाठ ताठ, गुडघे किंचित वाकलेले आणि बाहेर झुकलेले, दोन्ही टाचा समोरच्या खाचांत टेकलेल्या. पाय लोंबते राहत असतील तर बसण्याची जागा पुढे-मागे करून घ्यावी, यासाठी दोन मिनिटं थांबायला लाजू नये.

दुसरी गोष्ट, पकड. वल्हं डोक्यावर आडवं धरावं आणि कोपरं काटकोनात येतील इतके हात फाकवावेत. ती हातांची जागा. दांड्यावर रबराच्या दोन चकत्या असतात. पात्यावरून ओघळणारं पाणी त्यांच्यावर अडून खाली पडतं, मांडीवर येत नाही. त्या पात्यापासून वीतभर अंतरावर असाव्यात. हात सरकत सरकत एका बाजूला जातात हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही आणि मग होडी एकाच बाजूला का ओढते ते कळत नाही. मधूनमधून वल्हं पुन्हा डोक्यावर नेऊन जागा तपासावी. मूठ आवळायची नाही. अंगठा आणि बोटांनी दांड्याभोवती सैल कडं करायचं, आणि जो हात पुढे ढकलतोय त्याची बोटं तर मोकळी सोडली तरी चालतात. अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो तो आवळलेल्या मुठीने.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत कमी शिकवली जाणारी. वल्ह्याने पाणी मागे ढकलायचं नसतं. पातं पाण्यात रोवायचं आणि होडी त्या रोवलेल्या जागेपाशी ओढून न्यायची. चांगला वल्हवणारा जिथे पातं घालतो, साधारण तिथेच ते बाहेर येतं. मधल्या काळात पुढे सरकलेली असते ती होडी. यासाठी पातं पायाच्या बोटांच्या रेषेत, होडीच्या अगदी कडेला घालायचं आणि ते पूर्ण बुडेपर्यंत ओढायचं नाही. घाई करून अर्धवट बुडलेलं पातं ओढलं की पाण्यात हवा शिरते, धपकन आवाज होतो, तुषार उडतात आणि होडी जागची फारशी हलत नाही. कान देऊन ऐकावं. जितका आवाज कमी तितकं काम बरं चाललंय.

ओढायचं मात्र हातांनी नाही. पूर्वी घरी डेऱ्यात ताक घुसळताना रवीची दोरी दोन हातांत आलटून पालटून ओढली जायची. पाहणाऱ्याला हात चालताना दिसत, पण वळत असायची पाठ आणि कंबर, आणि म्हणूनच भला मोठा डेरा घुसळणं झेपायचं. कयाकमध्ये नेमकं तेच करायचं असतं. उजवीकडे पातं घालताना उजवा खांदा पुढे जातो, छाती डावीकडे वळते. मग वळलेलं धड उलटं सोडवत न्यायचं. हात केवळ दोर. त्याच वेळी उजवा पाय समोरच्या खाचेवर दाबला जातो. पातं पाण्यात रोवलेलं आहे, माणूस त्याला ओढतोय, पण होडीला पुढे ढकलतो तो त्याचा पाय. पाय ढिला सोडला की धडाचा सगळा जोर बैठकीवर घसरून जातो.

हात नव्हे, धड आणि पाय होडी चालवतात याचा पुरावा पॅराकनूच्या वर्गवारीत सापडतो. अपंग खेळाडूंच्या या स्पर्धांत कयाकचे केएल-१, केएल-२ आणि केएल-३ असे तीन वर्ग आहेत आणि ते ठरतात खेळाडूचं धड आणि पाय किती काम देतात यावर. ज्यांचे पाय चालत नाहीत आणि धडातही जवळपास ताकद नाही त्यांचा पहिला वर्ग. धड चांगलं आणि पाय अंशतः चालतात त्यांचा तिसरा. केवळ दंडांच्या बळावर होडी पळत असती तर असे वर्ग करायची गरजच नव्हती. भारताची प्राची यादव यातल्या दुसऱ्या वर्गात खेळते. मध्य प्रदेशातल्या ग्वाल्हेरची ही खेळाडू भोपाळच्या मोठ्या तलावावर तयार झाली. टोकियो पॅरालिंपिकमध्ये पॅराकनूची अंतिम फेरी तिने गाठली, आणि २०२३ साली हांगझाऊला झालेल्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत केएल-२ कयाकमध्ये सुवर्ण, तर एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायच्या व्हा या प्रकारात रौप्यपदक मिळवलं. भोपाळला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी संध्याकाळी तलावाकाठी थोडं थांबावं. सराव करणाऱ्या खेळाडूंच्या पाठी आणि खांदे पाहिले की धड वळवणं म्हणजे काय ते पानभर वाचण्यापेक्षा लवकर कळतं.

धड वळतंय की नाही हे तपासण्याची एक युक्ती आहे. दोन्ही कोपरं ताठ करावीत, अजिबात न वाकवता वीसेक वेळा वल्हं मारावं. कसंतरीच दिसतं, पण हात ताठ असल्यावर वळल्याशिवाय गत्यंतरच उरत नाही. मग कोपरं थोडी सैल सोडावीत आणि तेच वळणं चालू ठेवावं. आणि पातं कमरेपाशी आलं की बाहेर काढावं. कमरेच्या मागे ओढत नेणं ही सार्वत्रिक सवय आहे. तिथे पातं पाणी मागे नाही, वर उचलत असतं, आणि होडीचं बूड तेवढं खाली दाबलं जातं.

वल्हं किती उभं धरायचं यावर दोन पंथ आहेत. पाण्यातलं पातं होडीला चिकटून आणि वरचा हात डोळ्यांच्या पातळीला, ही वेगवान, जोरकस चाल. त्यासाठी वल्हं आखूड आणि पातं रुंद. वरचा हात खांद्याखाली आणि वल्हं जास्त आडवं, ही सावकाश, दिवसभर पुरणारी चाल. त्यासाठी वल्हं लांब आणि पातं अरुंद. रुंद होडीत पहिला पंथ फारसा चालत नाही. खारफुटी आणि पक्षी पाहायला निघालेल्यांना दुसराच बरा.

सरळ जाणं जमायला लागलं की कळतं, ते सगळ्यांत अवघड आहे. उजवीकडे वल्हं मारलं की होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, डावीकडे सरकतं. नवखा माणूस घाबरून दुसऱ्या बाजूला दोन जोरदार हात मारतो आणि होडी नागमोडी जाते. यावर उपाय आहे पसरट वळसा. नाळ डावीकडे जातेय, तर डावीकडेच पायापासून सुरू करून पाण्याच्या पृष्ठालगत मोठं अर्धवर्तुळ काढत पातं मागच्या टोकापर्यंत न्यायचं. नाळ उजवीकडे परत येते आणि वेगही मोडत नाही. जागच्या जागी फिरायचं असेल तर एका बाजूला असा वळसा पुढून मागे, दुसऱ्या बाजूला मागून पुढे. थांबायचं असेल तर दोन्हीकडे आलटून पालटून तीन-चार उलटे, छोटे दाब. पुण्यात सीओईपीच्या बोट क्लबची रेगाटा ज्यांनी मुळा नदीच्या काठावर बसून पाहिली असेल त्यांना कयाक बॅले आठवत असेल. अनेक होड्या एकदम गिरकी घेतात, फुलासारख्या उमलतात, मिटतात, आणि एकीचं टोक दुसरीला लागत नाही. त्या सगळ्या देखाव्यामागे हे वळसेच असतात, फक्त काटेकोर वेळेत बसवलेले.

दोघांच्या कयाकमध्ये पुढचा माणूस ताल धरतो, मागचा त्याच्याकडे बघून मारतो आणि होडी वळवतो. जड माणूस मागे. वल्ही एकमेकांवर आदळायला लागली तर चूक मागच्याची, कारण पुढच्याला मागचं दिसत नाही. हे निघण्यापूर्वी ठरवून घेतलं तर बरेच संसार सुरळीत चालतात.

वाऱ्याने होडी वळते तेव्हा नवख्याची सगळ्यांत जास्त दमछाक होते. चालत्या कयाकचं पुढचं टोक पाण्यात घट्ट बसलेलं असतं, मागचं सैल असतं. बाजूने वारा आला की तो मागचं टोक ढकलतो आणि नाळ आपोआप वाऱ्याकडे तोंड करते. वाऱ्याच्या बाजूला पसरट वळसे मारत राहिलं की ती ताळ्यावर येते. कोकणात सकाळी जमिनीकडून मतलई वारे असतात आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे जोर धरतात, म्हणून सकाळी साडेसात-आठला पाण्यात उतरून अकराच्या आत परतावं. मतलई वारा जोरात असेल तर मात्र उघड्या समुद्राकडे जाऊच नये, तो किनाऱ्यापासून दूर नेतो. जाताना वाऱ्याविरुद्ध जावं आणि येताना वारा पाठीशी घ्यावा, हा नियम थकलेल्या माणसाला फार उपयोगी पडतो.

खाडीत भरती-ओहोटीचा हिशेब वल्ह्याच्या बरोबरीचा महत्त्वाचा. मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत पाणी पाच मीटरपर्यंत चढ-उतार करतं, गोव्याकडे ते दोन मीटरच्या आसपास असतं. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. हिशेब ढोबळ आहे आणि ठिकाणागणिक पुढे-मागे होतो, त्यामुळे त्या दिवसाचं भरतीचं कोष्टकही पाहावं. पण अंदाज घ्यायला तो पुरतो. भरतीच्या शेवटच्या तासात खाडीत वर जायचं आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर परतायचं. उलट केलं तर परतीच्या वाटेवर तिवरांच्या मुळांत आणि चिखलात होडी ओढत बसावं लागतं. नदीच्या मुखाशी, जिथे ओहोटीचं पाणी समुद्रात धावतं तिथे, नवख्याचं काम नाही.

या किनाऱ्यावर कयाक नवी वाटत असली तरी १९३० च्या दशकात एक माणूस वल्हं मारत इथून गेला आहे. जर्मनीचा ऑस्कर स्पेक १९३२ साली बेकार झाला म्हणून उल्म गावातून डॅन्यूब नदीत घडीची कयाक सोडून निघाला. सायप्रस, युफ्रेटिस, इराणचं आखात, कराची असं करत, भारताचा पश्चिम किनारा धरून तो १९३५मध्ये सिलोनला पोचला आणि १९३९च्या सप्टेंबरात टॉरेस सामुद्रधुनीतल्या ऑस्ट्रेलियन बेटावर उतरला. दुसरं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला स्थानबद्ध करण्यात आलं. त्याच्या होडीला छोटं शीडही होतं, हे सांगायला हवं. नुसत्या हातांवर एवढं अंतर काटणं त्यालाही सुचलं नसावं.

समुद्र पावसाळ्यात बंद. सिंधुदुर्ग आणि गोव्यात कयाकचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे. कोलाडची कुंडलिका वेगळी : भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर तिचे खळाळ चालतात, आणि तिथे शिकवणाऱ्याशिवाय कयाक घेऊन उतरणं शहाणपणाचं नाही. शिकायचं तर धरणाच्या शांत पाण्यात किंवा आतल्या खाडीत. बारावं वर्ष लागलेल्या मुलाला दोन सकाळींत एवढं येतं की तो आई-वडिलांना शिकवू लागतो.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर वल्हं गोड्या पाण्याने धुवावं आणि दोन तुकडे वेगळे करून ठेवावं. जोडात वाळू आणि मीठ राहिलं तर ॲल्युमिनियमचे तुकडे एकमेकांत असे रुततात की मग दोन माणसांनाही ते सुटत नाहीत.

तोल जातोय असं वाटलं की पातं सपाट करून, त्याची पाठ पाण्यावर ठेवून खाली दाबावं. कोपरं वर, हात खांद्याच्या खाली. हात डोक्यावर नेऊन वल्ह्यावर लटकलं तर खांदा निखळू शकतो, कयाकमधली ही नेहमीची दुखापत आहे. आत बसायच्या होडीत उलटलेल्या अवस्थेतून वल्ह्याच्या झटक्याने पुन्हा वर येण्याची कला इनुइट शिकाऱ्यांना अवगत होती. युरोपात ती प्रथम १९२७ साली ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटाने साधली. वर बसायच्या कयाकला तिची गरज नाही. इथे माणूस सरळ पाण्यात पडतो आणि त्याला परत चढता यायला हवं : होडी उलटी असेल तर तिच्या बुडावरून पलीकडची कड धरून सुलट करायची, मग मधल्या भागावर दोन्ही हात टेकून पाय जोरात मारत पोटावर आडवं चढायचं, पाठीवर वळायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटायचं नाही, वल्हंही सोडायचं नाही. लाइफ जॅकेट उत्तम पोहणाऱ्यानेही घालायचं, आणि पट्टे लावून. हे चढणं कमरेएवढ्या पाण्यात, शिकवणाऱ्याच्या देखत, एकदा मुद्दाम पडून करून पाहावं. ज्याला ते जमलं नाही त्याने त्या दिवशी खोल पाण्यात जाऊ नये.